कडा खरवड, मधलं राहू दे

दवाखाना सुरू करते आहेस, तर बुरशीबद्दल चार गोष्टी ऐकून ठेव. "गजकर्ण झालंय," म्हणत कुणी समोर बसलं, की आधी विचार, आजवर काय काय लावलंत? "काहीच नाही" म्हणतील. मग घरातली ट्यूब आणायला सांग. बहुतेक वेळा त्यात बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल निघतं. या स्टिरॉइडनं खाज थांबते, लाली उतरते, कोंडा जातो आणि बुरशी निवांत पसरते. अशा अंगावर पुस्तकातलं गोल चक्र शोधत बसू नकोस. तिथं वर्तुळात वर्तुळ दिसेल, पुळ्या दिसतील, कधी नुसताच डाग. मला या ट्यूबांचा फार राग येतो.

खाज जांघेत असली तरी पावलं उघडायला लाव. बोटांच्या बेचक्या बघ, नखं बघ. जांघेतली बुरशी पुष्कळदा पावलांवरूनच चढलेली असते. घरात आणखी कुणाला खाजतंय का, टॉवेल एकच आहे का, हेही विचार.

आता खरी गोष्ट. औषध लिहिण्याआधी काचपट्टी कर. स्पिरिटनं जागा पुसून घे, म्हणजे मलम-पावडर निघून जाईल. सुकू दे. मग बोथट पात्यानं चट्ट्याची कोंडा असलेली, पुढं सरकणारी कडा खरवड. मध्यभागी काही हाती लागत नाही. कोंडा काचेवर घे, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा (केओएच) थेंब टाक, झाकणकाच ठेव आणि १०-१५ मिनिटं थांब. घाई केलीस तर पेशी विरघळत नाहीत. नखाचा चुरा असेल तर आणखी बराच वेळ लागतो. सूक्ष्मदर्शकाचा उजेड कमी ठेव. बुरशीचा धागा पेशींच्या सीमा ओलांडून सरळ जातो, त्याला फांद्या आणि आडवे पडदे असतात. पेशींच्या कडेकडेनंच जाळी फिरत असेल, तर तो धागा नव्हे.

चट्टा फिकट, खाज नाही, कोंडा नाही? डोळे मिटायला सांगून कापसाचं टोक टेकव. स्पर्श कळला नाही तर कुष्ठरोगाचा तपास लगेच करायचा. यात हयगय नको. फिकट डागावर नखानं ओढल्यावर बारीक कोंडा उठला, तर बहुधा शिबं. जांघेतला तपकिरी डाग वुड्सच्या अतिनील दिव्याखाली पोवळ्यासारखा लाल चमकला, तर ते जिवाणूंचं काम. गजकर्णाची बुरशी सहसा चमकतच नाही. म्हणून दिव्याखाली काही चमकलं नाही तरी बुरशी नाही, असं म्हणू नकोस.

काचपट्टीत काही दिसलं नाही आणि शंका राहिली, तर दुसऱ्या जागेवरून पुन्हा खरवड. नीट औषध घेऊनही चट्टा हटत नसेल तर कल्चरला पाठव. त्यामागं ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी असू शकते. तिला हे नाव मिळालं २०२० साली, भारत-नेपाळच्या रुग्णांमधल्या नमुन्यांवरून. तिच्यावर टर्बिनाफिन हे बुरशीचं औषध पुष्कळदा चालत नाही. नमुना कोरड्या काळ्या कागदाच्या पुडीत पाठव, ओल्या बाटलीत नको. निकालाला चार आठवडेही लागू शकतात. ते रुग्णाला आधीच सांग, नाहीतर मधल्या काळात तो पुन्हा तीच ट्यूब विकत घेईल.