समुद्रपर्यटनास निघताना : जहाजावरील वैद्यकीय सेवा आणि प्रवाशांची पूर्वतयारी

समुद्रपर्यटन ही आता केवळ मोजक्या श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. मुंबई, मुरगाव, कोची, चेन्नई येथून सुटणाऱ्या पर्यटक जहाजांवर, तसेच सिंगापूर, दुबई किंवा भूमध्य समुद्रातील बंदरांतून निघणाऱ्या मोठ्या क्रूझ जहाजांवर अनेक भारतीय कुटुंबे तीन-तीन पिढ्यांसह प्रवास करतात. निवृत्त आई-वडिलांना मुले हौसेने पाठवितात. चढउतार नाही, सामानाची ओढाताण नाही, जेवणखाण हाताशी, म्हणून हा प्रवास वयस्करांना सोयीचा वाटतो, आणि बऱ्याच अंशी तो तसा असतोही. मात्र जहाज कितीही भव्य असले, तरी त्याच्या आणि सर्वांत जवळच्या रुग्णालयाच्या मध्ये समुद्र असतो. ही पुस्तिका त्या अंतराविषयी आहे.

जहाजावरील दवाखान्यात काय असते

मोठ्या क्रूझ जहाजावर खालच्या मजल्यांपैकी एकावर दवाखाना असतो. तेथे डॉक्टर व परिचारिका असतात, काही खाटा असतात, आणि सामान्यतः ईसीजी यंत्र, हृदयाला विजेचा झटका देणारे उपकरण, प्राणवायू, कृत्रिम श्वसनयंत्र, रक्ताच्या मोजक्या तपासण्या व क्ष-किरण यांची सोय असते. जखमेला टाके घालणे, मोडलेले हाड स्थिर करणे, दम्याचा झटका आटोक्यात आणणे, शिरेतून सलाईन देणे ही कामे तेथे चांगल्या प्रकारे होतात.

आता नसते ते पाहू. शस्त्रक्रियागृह व भूलतज्ज्ञ नसतात. रक्तपेढी नसते. सीटी स्कॅन व अँजिओप्लास्टी यांची सोय नसते. डायलिसिस सहसा होत नाही. प्रसूती किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाची काळजी घेण्याची व्यवस्था नसते. म्हणूनच बहुतेक क्रूझ कंपन्या २४ आठवडे पूर्ण झालेल्या गर्भवतींना प्रवेश देत नाहीत आणि ६ महिन्यांखालील बाळांनाही नेत नाहीत. लांब पल्ल्याच्या काही सफरींत बाळासाठी ही मर्यादा १२ महिन्यांची असते. हा नियम जाचक वाटला तरी तो बाळ-बाळंतिणीच्या हिताचा आहे. तारखा लपवून जहाजावर चढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

थोडक्यात, जहाजावरील दवाखाना उपचार सुरू करतो आणि रुग्णाला किनाऱ्यापर्यंत सांभाळतो. पुढील उपचार किनाऱ्यावरच होतात.

आणखी एक गोष्ट आरक्षणाच्या वेळीच विचारावी. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार १०० किंवा अधिक माणसे असलेल्या आणि ३ दिवसांहून अधिक काळाच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर निघालेल्या जहाजावर पात्र डॉक्टर असणे बंधनकारक आहे. दोन रात्रींची किनारी सफर या व्याख्येत बसत नाही. तेथे डॉक्टर असेलच असे गृहीत न धरता “जहाजावर डॉक्टर चोवीस तास उपलब्ध आहे काय?” असा सरळ प्रश्न कंपनीला अथवा प्रवास-एजंटाला विचारावा व उत्तर लेखी घ्यावे.

वेळेचा हिशेब

ताशी २० सागरी मैल वेगाने जाणारे जहाज तासाला सुमारे ३७ किलोमीटर अंतर कापते. बंदर ३०० किलोमीटरवर असेल, तर पूर्ण वेगाने जाऊनही आठ तास लागतात. लक्षद्वीपची बेटे कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटरवर आहेत, यावरून आपल्याच समुद्रातील अंतरांची कल्पना यावी. चित्रपटात हेलिकॉप्टर लगेच येते. प्रत्यक्षात त्याचा पल्ला मर्यादित असतो. किनाऱ्यापासून साधारण दीडशे-दोनशे सागरी मैलांपलीकडे ते सहसा पोहोचत नाही. वारा, अंधार आणि जहाजाचे हेलकावे यांमुळे दोरीने रुग्ण वर उचलणे हे रुग्णालाही धोक्याचे असते. त्यामुळे जहाजाचा डॉक्टर व कप्तान, किनाऱ्यावरील तज्ज्ञ व बचाव केंद्र यांच्याशी बोलून निर्णय घेतात. भारतीय समुद्रात हे काम भारतीय तटरक्षक दल पाहते. त्यांचा शोध व बचाव दूरध्वनी क्रमांक १५५४ आहे. जहाजावरील प्रवाशाने मात्र आधी जहाजाच्याच दवाखान्याला कळवावे. केबिनमधील दूरध्वनीवर आणीबाणीचा क्रमांक लिहिलेला असतो. जहाजावर पाऊल ठेवताच तो पाहून ठेवावा.

हा हिशेब सर्वांत अधिक महत्त्वाचा ठरतो तो पक्षाघातात. मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते देण्यापूर्वी मेंदूत रक्तस्राव नाही याची सीटी स्कॅनने खात्री करावी लागते. जहाजावर ते यंत्र नाही. म्हणजे तोंड एका बाजूस वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले, तर पहिल्या मिनिटाला कळविलेल्या रुग्णास मिळू शकणारी संधी “थोडे झोपून पाहू” म्हणणाऱ्यास मिळत नाही. लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ घड्याळात पाहून लिहून ठेवावी. डॉक्टर तोच प्रश्न प्रथम विचारतील.

हृदयविकाराच्या झटक्यात परिस्थिती थोडी बरी असते. बऱ्याच मोठ्या जहाजांवर हृदयाच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन असते व ईसीजीवरून निदान होऊ शकते. तरीही छातीतील दाब, घाम, डाव्या हातात वा जबड्यात कळ यांना “जेवण जड झाले” असे म्हणण्याची आपल्याकडील सवय समुद्रावर फार महाग पडते. मधुमेही व्यक्तींना आणि स्त्रियांना छातीत न दुखता केवळ धाप, मळमळ व थकवा एवढेच जाणवू शकते, हेही लक्षात असावे.

घरी करावयाची तयारी

निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटावे. अलीकडे झटका, शस्त्रक्रिया किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार झाला असल्यास सफर पुढे ढकलण्याचा सल्ला मिळेल. पैसे भरून झाले आहेत, हे तो सल्ला डावलण्याचे कारण होऊ शकत नाही. डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पानाचा सारांश घ्यावा : आजार, चालू औषधांची जेनेरिक नावे व मात्रा, ॲलर्जी, रक्तगट. जहाजावरील डॉक्टर कोणत्याही देशाचा असू शकतो. आपल्याकडील ब्रँडचे नाव त्याला काहीच सांगत नाही. हृदयरुग्णांनी आपला शेवटचा, प्रकृती बरी असतानाचा ईसीजी सोबत न्यावा. नव्या आलेखातील बदल जुना आहे की आजचा, हे त्यावरूनच समजते. स्टेंट वा पेसमेकर असल्यास त्याचे कार्डही न्यावे.

औषधे सफरीच्या दिवसांपेक्षा किमान एक आठवडा अधिक पुरतील इतकी घ्यावीत आणि ती हातातील पिशवीत ठेवावीत. धक्क्यावर जमा केलेली मोठी बॅग केबिनमध्ये पोहोचण्यास काही तास लागतात, आणि नेमकी तीतच रात्रीची गोळी राहून जाते. गोळ्या मूळ वेष्टनात व औषधचिठ्ठीसह असाव्यात. आपल्याकडे चिठ्ठीवर मिळणारी ट्रामाडॉल किंवा कोडीनयुक्त औषधे संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत कडक नियंत्रणाखाली आहेत. दुबईहून जहाज धरणाऱ्यांनी यासंबंधी आधीच चौकशी करावी. औषध नव्हे, पण सांगणे भाग आहे : तेथे खसखसही निषिद्ध आहे, म्हणून घरचा मसाला वा अनारसे सोबत नेताना विचार करावा.

इन्सुलिन थंड जागी, मात्र बर्फाला न चिकटता ठेवावे. केबिनमध्ये फ्रीज आहे का, ते विचारावे. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या टोपलीत टाकू नयेत, खोली आवरणाऱ्याच्या हाताला टोचतात. दवाखान्यातून त्यासाठी डबा मिळतो.

ज्यांचे हृदय अशक्त आहे, अशांसाठी जहाजावरील मेजवानी हा खरा धोका ठरू शकतो. सूप, लोणची, चीज, तयार सॉस यांतील मीठ तीन-चार दिवसांत पायांवर सूज व रात्री धाप आणू शकते. रोज सकाळी वजन पाहण्याची सवय असेल, तर ती सफरीतही मोडू नये. वृद्धांनी न्हाणीघराच्या उंच उंबऱ्यांची विशेष काळजी घ्यावी. हेलकाव्यांत पडून खुब्याचे हाड मोडले, तर त्यावरील शस्त्रक्रिया किनाऱ्यावरच होते.

सफरीत ब्राझील, केनिया अशा पीतज्वराचा धोका असलेल्या देशांची बंदरे असल्यास लस किमान १० दिवस आधी, केंद्र शासनमान्य केंद्रातूनच घ्यावी. प्रमाणपत्र १० दिवसांनंतर वैध होते व आयुष्यभर चालते. ते नसल्यास भारतात परतल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. साठीपुढील व्यक्ती, गर्भवती आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी ही लस घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे.

बोट लागणे

बोट लागणे हा आजार नव्हे. कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय हालचाल सांगते, डोळ्यांना मात्र समोरची भिंत स्थिर दिसते, आणि या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणून केबिनमध्ये पडून राहण्यापेक्षा मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहणे अधिक उपयोगी ठरते. आरक्षण करताना खालच्या मजल्यावरील, जहाजाच्या मध्यभागाची केबिन घेतल्यास हेलकावे कमी जाणवतात. प्रोमेथाझिनसारख्या गोळ्या उलटी सुरू होण्यापूर्वी घेतल्या तरच पुरेसा गुण देतात. त्यांनी झोप येते, मद्यासोबत ती धोकादायक ठरते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी त्या स्वतःहून घेऊ नयेत, आणि दोन वर्षांखालील मुलांना त्या मुळीच देऊ नयेत.

मधुमेही प्रवाशाने इन्सुलिन वा साखर कमी करणारी गोळी घेतली आणि नंतर अन्न पोटात टिकले नाही, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा वेळी साखरपाणी द्यावे, साखर तपासावी व दवाखान्यास कळवावे.

उलट्या-जुलाबांची साथ

जहाजावरील उलट्या-जुलाबांच्या साथी बहुतेक वेळा नोरोव्हायरसमुळे होतात. संसर्गानंतर १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो व एक ते तीन दिवसांत बहुधा ओसरतो. अत्यल्प विषाणूही लागण करण्यास पुरतात. भोजनगृहाच्या दारातील सॅनिटायझर या विषाणूवर फारसा परिणामकारक नाही. साबण व वाहत्या पाण्याने हात धुण्यास पर्याय नाही. जलसंजीवनीची पाकिटे घरूनच न्यावीत.

जुलाब झाल्याचे सांगितले, तर केबिनमध्ये राहावे लागेल, म्हणून अनेक प्रवासी ते लपवितात. ही भीती निराधार नाही. लक्षणे थांबल्यानंतरही ४८ तास वेगळे राहण्यास सांगितले जाते. सफरीचे दोन दिवस जातात, वाईट वाटते. परंतु लपविणाऱ्याच्या शेजारच्या मेजावर एखादी ऐंशी वर्षांची आजी किंवा केमोथेरपी घेतलेला प्रवासी बसलेला असू शकतो. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावरील सुमारे ३,७०० माणसांपैकी ७०० हून अधिक जणांना कोविडची लागण झाली. जहाजावर भारतीय प्रवासी व कर्मचारीही होते. बंद जागेतील सहवासात संसर्ग किती झपाट्याने पसरतो, ते तेव्हा साऱ्या जगाने पाहिले.

जहाज परदेशातून भारतीय बंदरात येण्यापूर्वी कप्तानाला जहाजावरील आजारांची माहिती सागरी आरोग्य घोषणापत्राद्वारे बंदर आरोग्य अधिकाऱ्यास द्यावी लागते. अधिकाऱ्याची अनुमती मिळाल्यानंतरच प्रवासी उतरू शकतात. आपण सांगितलेली खरी माहिती याच कागदावर जाते.

खर्च आणि विमा

जहाजावरील डॉक्टरांचे शुल्क व औषधांचे पैसे सहसा केबिनच्या बिलात, बहुधा परकीय चलनात, लागतात. घरगुती आरोग्य विमा सामान्यतः भारतातील उपचारांपुरता असतो, आणि आयुष्मान भारत योजनेचा लाभ सूचीबद्ध रुग्णालयांतच मिळतो. जहाजाच्या दवाखान्यात कार्ड चालत नाही. म्हणून समुद्रपर्यटनाचा स्पष्ट उल्लेख असलेला प्रवास विमा घ्यावा, आणि त्यात समुद्रातून रुग्णास हलविण्याचा व मायदेशी आणण्याचा खर्च समाविष्ट आहे का, ते वाचून पाहावे. दुर्दैवाने मृत्यू ओढवल्यास पार्थिव आणण्याच्या खर्चाचे कलमही पाहावे. हा विषय घरात काढणे अवघड जाते, पण परक्या बंदरात तो प्रथमच कळणे त्याहून अवघड असते. मधुमेह, रक्तदाब, जुना हृदयविकार अर्जात लपविला, तर नेमक्या त्याच आजाराचा दावा नाकारला जातो. विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा क्रमांक केवळ मोबाइलमध्ये न ठेवता कागदावरही लिहून घ्यावा, कारण भर समुद्रात मोबाइलचे जाळे मिळत नाही.

परतल्यानंतर

परत आल्यावर दोन आठवड्यांच्या आत ताप, खोकला, धाप किंवा जुलाब झाल्यास डॉक्टरांना प्रवासाची माहिती आपणहून द्यावी : कोणते जहाज, कोणती बंदरे, कोणत्या तारखा, गरम पाण्याच्या कुंडात बसला होता का. अशा कुंडांच्या तुषारांतून पसरणाऱ्या लिजनेला जीवाणूमुळे होणारा न्यूमोनिया साधारणतः २ ते १४ दिवसांत दिसू लागतो, आणि नेहमीची काही प्रतिजैविके त्यावर लागू पडत नाहीत. हिवताप असलेल्या बंदरांत उतरला असाल, तर त्यानंतर अनेक आठवड्यांनी आलेल्या तापातही रक्ताची तपासणी करून घ्यावी. जहाजावर उपचार झाले असल्यास तेथील कागदपत्रे उतरण्यापूर्वीच मागून घ्यावीत. नेहमीच्या डॉक्टरांना आणि विमा कंपनीला दोघांनाही ती लागतात.