जबानीआधीचा फैसला

महसूल खात्यातील तीस वर्षांच्या चाकरीत जबानी आणि पंचनामा दफ्तरी दाखल झाल्याखेरीज एकाही प्रकरणाचा फैसला मी पुढे सरकू दिला नाही. परंतु बाळंतपणासाठी लातूरला आलेल्या माझ्या लेकीची डोकेदुखी हटेना म्हणून तिला नांदेडला, तिच्या सासरगावी, दाखवले आणि तेथील एका दवाखान्यात ‘पीयूषिका ग्रंथीची गाठ आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल’ असे सांगण्यात आले, तेव्हा एका फिल्मच्या आधारावर मी निमूटपणे संमतिपत्रावर सही केली.

परतीच्या एसटीत, अहमदपूर मागे पडल्यावर, फिल्मचा लिफाफा मांडीवर धरून बसलेली तिची आई हळूच म्हणाली, “लेकराचं दूध पंधरा दिवसांतच आटलं, ते सांगायचं राहिलंच की हो.” पुरुषांसमोर तिने संकोच केला होता, आणि मी विचारलेही नव्हते.

दुसऱ्या शहरातील अंतःस्रावतज्ज्ञांनी ते ऐकताच रक्तातील संप्रेरके तपासली. कॉर्टिसॉल अत्यंत खालावले होते. जेमतेम अर्ध्या ग्रॅमची ती ग्रंथी शरीराच्याच प्रतिकारशक्तीच्या माऱ्याने सुजली होती. गाउडी आणि पिंकर्टन यांनी १९६२ साली प्रथम वर्णिलेला हा विकार गरोदरपणाच्या अखेरीस वा प्रसूतीनंतर विशेष आढळतो, आणि एमआरआयमध्ये हुबेहूब गाठीसारखा दिसतो. स्टेरॉइडने तिची सूज उतरली, शस्त्रक्रिया टळली.

रक्तात ग्रंथीविरुद्धची स्वप्रतिपिंडे सापडली, तर सुजेच्या बाजूने एक साक्ष मिळते. २०१५ साली जपानी संशोधकांनी ‘रॅबफिलिन-३ए’ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे ग्रंथीच्या देठाची व मागील भागाची सूज ओळखण्यास उपयुक्त असल्याचे दाखवले. तथापि ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे खऱ्या गाठीच्या काही रुग्णांतही आढळतात, आणि सूज असूनही कधी सापडत नाहीत. म्हणून लक्षणे, संप्रेरके आणि फिल्म यांच्याशी ताडून पाहिल्यावाचून त्या साक्षीवर विसंबू नये.

माझे सांगणे एवढेच, की दूध आटणे, पाळी न येणे, अतिशय तहान, सततचा थकवा, यांतले काहीही लाजेखातर दडवू नका. शस्त्रक्रियेपूर्वी कॉर्टिसॉल, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासले का, हे अवश्य विचारा. प्रोलॅक्टिन स्रवणाऱ्या बहुतेक गाठी गोळ्यांनीच आक्रसतात. मात्र नजर अधू होत असेल, तर एक दिवसही दवडू नका. स्टेरॉइड स्वतःच्या मनाने तर कदापि बंद करू नये.

लेकीच्या पर्समध्ये आता औषधाची चिठ्ठी कायम असते, आणि दवाखान्यात तिची आई सर्वांआधी बोलते.