खाणीतील पहिली नोकरी आणि सक्षमता प्रमाणपत्राची वाट

नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ, भंडारा आणि अलीकडे गडचिरोली या जिल्ह्यांत खाण अभियांत्रिकीचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते: प्रवेश कोठे मिळेल, आणि पुढे वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडमध्ये, नोकरी लागेल का. हे प्रश्न स्वाभाविक असले तरी ज्या कायद्यांच्या चौकटीत हा उद्योग चालतो ते कायदे पदवीपेक्षा आणि मालकाच्या नावापेक्षा एका तिसऱ्याच गोष्टीला अधिक वजन देतात, आणि ती गोष्ट म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाने व्यक्तीच्या नावे दिलेले सक्षमता प्रमाणपत्र. पहिली नोकरी निवडताना पगार, शहर आणि कंपनी यांच्याआधी ती नोकरी या प्रमाणपत्राकडे नेते की नाही, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

सक्षमता प्रमाणपत्र म्हणजे खाणीतील विशिष्ट जबाबदारीचे पद सांभाळण्याचा वैयक्तिक परवाना होय. खाणीत कोणाच्या देखरेखीखाली सुरुंग उडवायचा, छत धोकादायक वाटल्यास माणसे कोणी बाहेर काढायची आणि पाळीचा अहवाल कोणी लिहायचा, हे कंपनीच्या मर्जीवर सोडलेले नाही. कोळशासाठी २०१७ चे कोळसा खाण विनियम आणि मँगनीज, लोहखनिज, चुनखडी आदींसाठी १९६१ चे धातू खाण विनियम ही पदे ठरवून देतात, आणि म्हणूनच त्यांना वैधानिक पदे म्हणतात. कोळसा खाणीत ही उतरंड खालून वर सरदार, ओव्हरमन, द्वितीय श्रेणी व्यवस्थापक आणि प्रथम श्रेणी व्यवस्थापक अशी चढत जाते, तर धातू खाणीत खालच्या पायऱ्यांना मेट, ब्लास्टर आणि फोरमन अशी नावे आहेत. सरदाराने आपल्या वाट्याच्या भागातील छत, बाजू, हवेचा प्रवाह आणि ज्वालाग्राही वायू यांची तपासणी करून तेथे काम होऊ द्यायचे की नाही हे ठरवायचे असते. पंचविशीतल्या तरुणावर अनेक कुटुंबांच्या कर्त्या माणसांची सुरक्षितता सोपवणारे हे पद आहे, आणि परीक्षा कडक असण्याचे कारणही तेच आहे. खाणीचे नकाशे तयार करणाऱ्या सर्वेक्षकालाही असेच स्वतंत्र प्रमाणपत्र लागते.

या परीक्षांना बसण्यासाठी पुस्तकी ज्ञान पुरत नाही. प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र, कोळसा खाणीच्या बाबतीत वायुपरीक्षणाचे प्रमाणपत्र आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खाणीत केलेल्या प्रत्यक्ष कामाचा ग्राह्य अनुभव लागतो. पदविका किंवा पदवी असली तर अनुभवाचा अपेक्षित काळ कमी होतो, पण तो शून्य कधीच होत नाही. पदविकाधारकांसाठी एक वर्षाचे पदविकोत्तर व्यावहारिक प्रशिक्षण, ज्याला खाणपट्ट्यात सर्रास ‘पीडीपीटी’ म्हटले जाते, आणि पदवीधरांसाठी त्याच धर्तीचे ‘पीजीपीटी’ हे म्हणूनच शिक्षणाच्या शेवटच्या सत्राइतके मोलाचे आहे. शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली होणाऱ्या या प्रशिक्षणात हाती पडते ते विद्यावेतन असते, पगार नव्हे, आणि प्रशिक्षण देणारी कंपनी पुढे नोकरी देण्यास बांधील नसते. हे वर्ष वाया गेले असे पालकांना वाटते ते यामुळेच. वस्तुतः पदविकाधारकाच्या पुढच्या वाटेचा पाया याच वर्षात घातला जातो, आणि थोड्या अधिक पैशांसाठी हे प्रशिक्षण सोडून नोंद नसलेले काम धरणाऱ्याला तो पाया नंतर पुन्हा घालावा लागतो.

अनुभवाचे मोजमापही सरसकट होत नाही. कोळशातील आणि धातू खाणीतील प्रमाणपत्रे वेगळी असतात, आणि त्यांच्यातही दोन प्रकार आहेत: केवळ खुल्या खाणीपुरते मर्यादित असलेले आणि भूमिगत खाणीलाही लागू पडणारे अमर्यादित. जमिनीखालील कामाचा पुरेसा अनुभव नसेल तर उमेदवार मर्यादित प्रमाणपत्रापाशी थांबतो. कोल इंडियाच्या उत्पादनात नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा खुल्या खाणींचा असल्यामुळे नवख्या अभियंत्याला शॉव्हेल आणि डंपरांच्या सान्निध्यात पहिली नेमणूक मिळण्याची शक्यता अधिक असते, आणि मोकळ्या हवेतील ते काम घरच्यांनाही बरे वाटते. मात्र खनिज जसजसे खोल जाते तसतशी खुली खाण परवडेनाशी होते. राजस्थानातील रामपुरा आगुचा ही जस्ताची प्रचंड खाण खुल्या पद्धतीकडून भूमिगत पद्धतीकडे गेली आहे. अशा वेळी ज्याच्याकडे अमर्यादित प्रमाणपत्र आहे तो पुढे जातो आणि मर्यादित प्रमाणपत्राचा धनी पंधरा वर्षांच्या सेवेनंतरही मागे राहतो. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना याबाबत एक सोय घराजवळ उपलब्ध आहे, कारण मॉइल या सार्वजनिक कंपनीच्या गुमगाव, चिखला यांसारख्या मँगनीज खाणी आणि सीमेपलीकडील बालाघाटची खाण भूमिगत आहेत, आणि वेकोलिच्याही काही खाणी आजही जमिनीखाली चालतात.

शिक्षणाच्या वाटा मोजक्या आहेत. धनबाद येथे १९२६ मध्ये सुरू झालेली आणि आता आयआयटीचा दर्जा असलेली इंडियन स्कूल ऑफ माइन्स, नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि गोव्यातील फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय येथे पदवीची, तर नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात पदविकेची सोय आहे. पदवीधरांना कोल इंडियात व्यवस्थापकीय प्रशिक्षणार्थी म्हणून प्रवेश अनेकदा ‘गेट’ परीक्षेच्या गुणांवर मिळत आला आहे, त्यामुळे तिसऱ्या वर्षापासूनच तिची तयारी हवी. भूशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिक परीक्षा आणि तिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची दारे उघडतात. आयटीआयमधून वीजतंत्री, फिटर, वेल्डर किंवा डिझेल मेकॅनिक झालेल्यांना खाणीत सतत मागणी असते. वीजतंत्र्याने मात्र खाणीतील विद्युत जोडण्यांसाठी ग्राह्य असलेला परवाना वेगळा मिळवावा, कारण साधा परवाना तेथे चालत नाही. भारतीय खाण ब्युरो, खनिज अन्वेषण करणारी एमईसीएल आणि मॉइल या तिन्हींची मुख्यालये नागपुरात असल्याने माहितीसाठी दूर जाण्याची गरज पडत नाही.

विदर्भात नोकरीचा आणखी एक मार्ग आहे आणि त्याविषयी मार्गदर्शनपर लेखनात फारसे बोलले जात नाही. कोळशासाठी जमीन गेलेल्या कुटुंबातील एका व्यक्तीला भरपाईबरोबर नोकरी देण्याची पद्धत आहे, आणि कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असे सूत्र मांडलेले आहे. वणी, माजरी, उमरेड या पट्ट्यांतील असंख्य प्रकल्पग्रस्त तरुण या मार्गाने सर्वसाधारण मजूर म्हणून कामाला लागतात, आणि कायम नोकरी मिळाली या समाधानात शिक्षण तेथेच थांबते. हे थांबणे टाळता येण्यासारखे आहे आणि टाळलेच पाहिजे. आवश्यक ते शालेय शिक्षण, विहित अनुभव आणि वर सांगितलेली दोन लहान प्रमाणपत्रे यांच्या बळावर मजुराला सरदाराच्या परीक्षेला बसता येते, आणि तेथून ओव्हरमन होऊन वर चढलेली माणसे जवळजवळ प्रत्येक जुन्या कोळसाक्षेत्रात भेटतात. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन देऊन मिळवलेली नोकरी पहिल्याच पायरीवर अडकून राहू नये, ही त्या कुटुंबाची रास्त अपेक्षा आहे.

खुल्या खाणीत कोळशावरचा माती-दगडाचा थर, म्हणजे ओव्हरबर्डन, काढण्याचे बरेचसे काम आता कंत्राटदारांकडे आहे, आणि त्यामुळे पहिली नोकरी कंत्राटी असण्याची शक्यताही मोठी आहे. ती कमी प्रतीची मानून नाकारण्याचे कारण नाही, परंतु रुजू होण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात: नियुक्तिपत्र लेखी आहे का, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मिळणार का, कोळसा खाणीतील कंत्राटी कामगारांसाठी ठरलेले उच्चाधिकार समितीचे वेतन दिले जाते का, आणि खाणीच्या नोंदवहीत कामगाराचे नाव चढणार का. शेवटची बाब सर्वांत कळीची आहे, कारण नोंदवहीत नाव नसेल तर अनुभवही नाही आणि अपघात झाल्यास दाव्याला आधारही नाही. याच संदर्भात नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालांचा उल्लेख करणे भाग आहे. सार्वजनिक कंपन्यांची भरती जाहिरात, परीक्षा आणि गुणवत्ता यादी यांनीच होते आणि रुजू करून घेण्यासाठी त्या अनामत रक्कम मागत नाहीत. शेत गहाण ठेवून असे पैसे देणाऱ्या कुटुंबाची हानी भरून निघत नाही.

जिवाला धोका किती, हा पालकांचा प्रश्न कोणीही हलक्यात घेऊ नये. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी शिरून पावणेचारशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली, आणि आजचे अनेक नियम अशाच दुर्घटनांतून आलेले आहेत. अठरा वर्षांखालील व्यक्तीला खाणीत कामाला ठेवता येत नाही, नव्या कामगाराला व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रात शिकवल्याशिवाय कामावर उतरवता येत नाही, आणि रुजू होताना तसेच त्यानंतर ठरावीक वर्षांनी छातीचा एक्स-रे, श्रवण, दृष्टी आदींची वैद्यकीय तपासणी करावी लागते. या पहिल्या तपासणीच्या अहवालाची प्रत घरी जपून ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण सिलिकोसिससारखा, म्हणजे दगडाच्या सूक्ष्म धुळीने फुफ्फुस निकामी करणारा, आजार पुढे उद्भवल्यास सुरुवातीची प्रकृती त्याच कागदावरून सिद्ध होते. जेथे हे नियम पाळले जात नाहीत तेथे पगार कितीही असला तरी मुलाला पाठवू नये.

मुलींच्या बाबतीत परिस्थिती अलीकडेच बदलली आहे. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना जमिनीखाली काम करण्यास मनाई केली होती, आणि तिचा खरा फटका अनुभवाला बसत होता, कारण भूमिगत अनुभव नसल्यामुळे अमर्यादित प्रमाणपत्राची वाटच बंद होत असे. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय कामांसाठी सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेत स्त्रियांना भूमिगत खाणीत नेमण्याची, आणि खुल्या खाणीत त्यांच्या लेखी संमतीने रात्रपाळीचीही, मुभा दिली. त्यानंतर काही वर्षांतच स्त्रिया भूमिगत खाणींच्या वैधानिक पदांवर पोहोचल्या. मुलीला या शाखेत प्रवेश घेऊ द्यावा का, याचे उत्तर आता होकारार्थीच असले पाहिजे. फक्त पहिल्या नेमणुकीच्या ठिकाणी निवास, प्रसाधनगृह आणि पाळीनंतरची वाहतूक यांची व्यवस्था प्रत्यक्ष जाऊन पाहावी.

खाणीची नोकरी खनिजाच्या साठ्याइतकीच खाणपट्ट्याच्या, म्हणजे सरकारने दिलेल्या उत्खननाच्या हक्काच्या, वैधतेवरही टिकून असते, हे गोव्याने अतिशय कठोरपणे दाखवून दिले. सप्टेंबर २०१२ मध्ये तेथील लोहखनिजाच्या खाणी थांबवण्यात आल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत त्यांना परवानगी दिली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून काम पुन्हा बंद पडले. साठे जमिनीत तसेच होते, पण ट्रक, बार्ज आणि यंत्रे यांवर जगणारी डिचोली, सत्तरी, सांगे भागांतील घरे उत्पन्नाला मुकली. म्हणून नोकरी देणाऱ्या खाणीचा पट्टा कोणत्या वर्षापर्यंत आहे, तो लिलावातून मिळालेला आहे की वादात आहे, पर्यावरण मंजुरी कायम आहे का, ही चौकशी उमेदवाराने निःसंकोच करावी. कोळशाच्या दीर्घ भविष्याविषयीची शंकाही निराधार नाही, कारण भारताने २०७० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. पण केंद्राने २०२३ मध्ये लिथियम, कोबाल्ट, ग्राफाइट यांच्यासह ३० खनिजे अत्यावश्यक म्हणून निश्चित केली आहेत, आणि खनिज बदलले तरी छत सावरणे, हवा खेळवणे, नकाशा काढणे ही कौशल्ये तीच राहतात. ज्याला शक्य असेल त्याने कोळशाच्या प्रमाणपत्राला पुढे धातू खाणीच्या प्रमाणपत्राची जोड द्यावी.

या साऱ्याचा विचार करता विद्यार्थ्याने पहिल्या पाळीपासून आपल्या कामाची तारीखवार नोंद ठेवावी, खाण सोडताना व्यवस्थापकाच्या सहीचे अनुभवपत्र घेतल्याशिवाय बाहेर पडू नये, आणि अधिक पगाराची खुल्या खाणीतील जागा व कमी पगाराची भूमिगत जागा यांत निवड करण्याची वेळ आली, भूमिगत खाणीतील सुरक्षिततेची खात्री पटली आणि प्रकृती साथ देत असली, तर पहिली काही वर्षे भूमिगत जागाच स्वीकारावी. पालकांनीही त्या काळात पगाराच्या आकड्यावरून मुलाची तुलना इतर शाखांतील मुलांशी करू नये.