‘एनी क्वेश्चन्स?’ : आता आपली पाळी!

थर्ड इयर संपत आलं की होस्टेलमध्ये दोनच विषय चालतात : मेसची भाजी आणि कॅम्पस. अॅप्टिट्यूडची पुस्तकं खोल्याखोल्यांतून फिरतात, ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ तोंडपाठ होतं. पण इंटरव्ह्यूच्या शेवटी साहेब विचारतात, ‘एनी क्वेश्चन्स?’ आणि आपण ‘नो सर, थँक यू सर’ म्हणून उठतो. मित्रांनो, खरं तर हीच संधी सोडायची नसते.

कारण सरळ आहे. बऱ्याच कॉलेजांत ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ असा नियम असतो. एकदा सिलेक्शन झालं की पुढच्या कंपनीला बसता येत नाही. लग्न ठरवताना दोन्ही बाजू चौकशी करतात. इथे मात्र आपण नुसती पसंतीची वाट बघतो!

मग कुणाला काय विचारावं?

१. टेक्निकल पॅनेलला कामाबद्दल : पहिले सहा महिने फ्रेशरला नेमकं काय करावं लागतं? डेव्हलपमेंट, टेस्टिंग की सपोर्ट, हे कोण ठरवतं? मेकॅनिकलवाल्यांनी विचारावं : शॉप फ्लोअर की डिझाइन? ट्रेनिंगनंतर परीक्षा असते का, आणि नापास झाल्यास पुढे काय? या प्रश्नांनी साहेब रागावत नाहीत. उलट, मुलाला कामात रस आहे हे त्यांना कळतं.

२. एच. आर.ला पगाराबद्दल : ‘पॅकेज’ म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. समजा, पॅकेज ३,६०,००० रुपये आहे, म्हणजे महिना ३०,०००. मूळ पगार १५,००० असेल तर पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,८०० कंपनीचे आणि १,८०० आपले. कंपनीचा वाटाही बहुधा पॅकेजमध्येच धरलेला असतो. उरले २६,४००. त्यात वर्षाचे ३६,००० ‘व्हेरिएबल’ असतील तर दरमहा २३,४००च. ज्याला एज्युकेशन लोनचा हप्ता भरायचा आहे, त्याने हा हिशेब आधीच मांडलेला बरा. म्हणून विचारा : फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, दरमहा हातात किती?

३. बॉंडबद्दल : किती वर्षांचा? मध्येच सोडल्यास किती रक्कम भरायची? मूळ सर्टिफिकेट्स ठेवून घेता का? ‘बॉंड कोर्टात टिकत नाही’ हे सिनियर्सचं वाक्य डोळे झाकून मानू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. प्रत्येक बॉंडला हे लागू होईलच असं नाही, पण सही करण्याआधी वाचायला हवं एवढं नक्की.

पगार आणि बॉंडची माहिती प्री-प्लेसमेंट टॉकमध्येच मिळाली तर उत्तम. वेबसाइटवर दिसतं ते मात्र विचारू नका. तयारी न करता आलात हे लगेच कळतं.

कुणी म्हणेल, ‘तुझं ठीक आहे, तू कॉन्व्हेंटची!’ पण फाडफाड इंग्रजी बोलणारेही त्या क्षणी गप्पच बसतात. अडचण भाषेची नाही, सवयीची आहे. आदल्या रात्री प्रश्न मराठीत लिहा, मग साध्या इंग्रजीत करा, रूममेटला विचारून बघा. तीन प्रश्न पुरेत.

नोकरी आपल्याला हवी आहे हे खरं. पण त्यांनाही माणूस हवाच आहे, म्हणून तर ते इथवर आलेत. तेव्हा विचारा बिनधास्त. ऑल द बेस्ट!