पाटी आपली, नाव कोणाचे?

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी बऱ्याच जणांनी आता आपल्या पेढीची वेबसाइट काढली आहे. कोणी लुंगीचे नमुने दाखवतो, कोणी अत्तर विकतो, कोणी लाकडावरील कोरीवकामाची छायाचित्रे टाकतो. वेबसाइट दिसते कशी यावर सगळे बोलतात. पण तिचे नाव कोणाच्या खात्यावर आहे, असे विचारले की बहुतेक जण मुलाच्या तोंडाकडे पाहतात.

आम्हीही पाहत होतो. आम्ही उर्दू माध्यमात शिकलेले. हिशेब तोंडपाठ, पण संगणकाची इंग्रजी समोर आली की चष्मा पुसत बसायचे. त्यामुळे हा धडा आम्हाला पैसे मोजून शिकावा लागला.

मालेगावातील आमच्या पेढीची वेबसाइट २०१६ साली मोहल्ल्यातील एका होतकरू मुलाने करून दिली. आम्ही त्याला म्हटले, "बेटा, जे काही लागेल ते तूच बघ." त्याने ते पाहिले. नाव त्याच्या ई-मेलवर नोंदवले, पैसे त्याच्या कार्डावरून भरले, दर वर्षी आमच्याकडून रोख घेतले. यात त्याची लबाडी काहीच नव्हती. पुढे तो नोकरीसाठी कतारला गेला. त्याचे इथले कार्ड बंद झाले, कॉलेजच्या दिवसांतील ई-मेल तो उघडीनासा झाला, आणि जानेवारी २०२२ मध्ये आमच्या नावाची मुदत संपली. सूचना आल्या असतील, पण त्या उघडणारे कोणी नव्हते.

आम्हाला पत्ता लागला तो फेब्रुवारी संपता संपता. हैदराबादच्या एका जुन्या व्यापाऱ्याचा फोन आला, "सेठ, दुकान बढा दी क्या?" त्याने रमजानच्या हंगामासाठी लुंगी आणि रुमालाची मागणी ई-मेलने पाठवली होती. ती परत गेली. वेबसाइट उघडली तर तिथे भलत्याच जाहिराती. दोनदा प्रयत्न करून त्याने माल दुसरीकडे सांगितला. आमचा मोबाइल नंबर त्याच्याकडे होता, पण चालू दुकानाचा दरवाजा कोणी ठोठावत नाही आणि बंद दुकानाचा तर मुळीच नाही.

आता हे सारे नीट समजून घेऊ. वेबसाइट म्हणजे एक वस्तू नाही, त्या चार निरनिराळ्या वस्तू आहेत. पहिली म्हणजे नाव, ज्याला डोमेन म्हणतात. दुसरी, ते नाव नोंदवून देणारी कंपनी, तिला रजिस्ट्रार म्हणतात. तिसरी, वेबसाइट ज्या सर्व्हरवर ठेवलेली असते ती जागा. तिला होस्टिंग म्हणतात, आपला गाळाच समजा. चौथी, सर्टिफिकेट. गाळा बदलता येतो, सर्टिफिकेट काही मिनिटांत नवे घेता येते, पण नाव गेले तर सगळेच जाते, कारण ई-मेलदेखील त्याच नावावर चालतो.

हे नाव विकत मिळत नाही. "आम्ही डोमेन खरेदी केले" असे म्हणण्याची पद्धत पडली आहे, पण तो खरा भाडेपट्टा आहे. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा. मुदत संपली की डॉट कॉमच्या बाबतीत रजिस्ट्रार आपल्या नियमाप्रमाणे काही दिवस थांबतो, फार तर ४५ दिवस. त्या काळात साधे भाडे भरून नाव सुटते. त्यानंतर तीस दिवसांची सोडवणुकीची मुदत असते, तेव्हा मोठा दंड पडतो. नंतर पाच दिवस नाव गोठवले जाते आणि मग ते जगातील कोणालाही घेता येते. कित्येक रजिस्ट्रार तर त्याआधीच मुदत संपलेली नावे लिलावात काढतात. आमचे नाव सोडवणुकीच्या मुदतीत सापडले हे नशीब. खाते मुलाचे, ई-मेल मुलाचा, आणि त्या ई-मेलचा पासवर्ड तो विसरलेला. त्याचे जुने सिम त्याच्या अम्मीच्या कपाटातील फोनमध्ये अजून चालू होते, म्हणून त्यावर संकेतांक आला आणि दार उघडले. एका वर्षाच्या भाड्याच्या दहा-बारा पट रक्कम मोजून आम्ही आपलेच नाव परत घेतले.

ही चूक आपल्यासारख्याच माणसांकडून होते असे नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनी 'पासपोर्ट डॉट कॉम' या आपल्या नावाचे पैसे भरायला विसरली. हॉटमेल वापरणाऱ्यांना अडचण होऊ लागली, तेव्हा एका तिऱ्हाईत प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून काम भागवले. आपल्यासाठी असा कोणी पुढे येईल असे समजू नये.

तेव्हा आजच एक काम करावे. वेबसाइट करणाऱ्याला विचारावे की नाव कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे, खाते कोणाचे आहे आणि मालक म्हणून कोणाचे नाव लिहिले आहे. मालकाच्या रकान्यात पेढीचे नाव हवे आणि पावतीही पेढीच्या नावाने फाडलेली हवी. मोबाइल नंबर आपला हवा. करणारा मुलगा घरचा असला तरी हे करावे. त्यात अविश्वास नाही. घरचा माणूस वसुलीला गेला तरी पावती आपण देतोच ना.

ई-मेलच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे, जी शिकलेले लोकही चुकवतात. रजिस्ट्रारकडे दिलेला ई-मेल त्याच डोमेनवरचा असू नये. नाव बंद पडले की तो ई-मेलही बंद पडतो, म्हणजे 'नाव बंद पडले' ही सूचना बंद पडलेल्या पेटीतच जाऊन पडते. किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी ओढून घेतल्यासारखे होते. त्यासाठी जीमेलसारखा वेगळा पत्ता ठेवावा आणि त्याला पासवर्डखेरीज मोबाइलवरील संकेतांकाचे दुसरे कुलूप लावावे. नवे डोमेन घेतल्यावर ई-मेल पडताळण्याचा निरोप येतो, त्याला उत्तर द्यावे. डॉट कॉमच्या बाबतीत पंधरा दिवसांत उत्तर गेले नाही तर नाव थांबवले जाऊ शकते.

रजिस्ट्रार बदलायचा असेल तर खात्यातील हस्तांतराचे कुलूप काढून एक गुप्त क्रमांक घ्यावा लागतो. तो क्रमांक म्हणजे मालाची बिल्टी, ज्याच्या हाती ती, माल त्याचा. तो व्हॉट्सॲपवर फिरवू नये. नवीन घेतलेले किंवा नुकतेच हलवलेले नाव साधारण साठ दिवस पुन्हा हलत नाही, म्हणून मुदत संपायच्या तोंडावर बदलाचा घाट घालू नये.

आता नाव कसे घ्यावे याविषयी. आपल्या लोकांची एक खास अडचण आहे. उर्दू-अरबी नावे इंग्रजीत लिहिताना प्रत्येक जण वेगळी लिहितो. 'रहमत' कोणी 'आर' नंतर 'ए' घालून लिहितो, कोणी 'ई' घालून. 'मोहम्मद' तर चार-पाच तऱ्हांनी लिहिलेले आम्ही एकाच लग्नपत्रिकेत पाहिले आहे. गिऱ्हाइकाला फोनवर नाव सांगितले की तो आपल्या सवयीप्रमाणे लिहिणार. म्हणून नाव आखूड घ्यावे आणि त्याची चालणारी दुसरी अक्षरजुळणीही आपणच घेऊन ती पहिल्याकडे वळवावी. हा खर्च चहापाण्याचा आहे. न केल्यास ते दुसरे नाव एखादा भामटा घेईल आणि आपल्या गिऱ्हाइकाला लिहील की "आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी." ही फसवणूक आता सर्वत्र चालते. खाते बदलल्याचा ई-मेल आला तर आपल्याजवळच्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री केल्याखेरीज पैसे पाठवू नयेत. पाठवले गेलेच तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण उशीर झाला की पैसे पुढे सरकून जातात.

डॉट कॉम घ्यावे की डॉट इन, असे पुष्कळ जण विचारतात. माल देशातच जात असेल तर डॉट इन उत्तम. त्याची नोंदवही 'निक्सी' ही भारतीय संस्था सांभाळते, आणि त्या नावावर तंटा झाला तर लवादाची सोय आहे. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' मिळते, उर्दू लिपीतही मिळते. आम्हाला ते पाहून फार आनंद झाला, परंतु व्यापाराचे एकमेव नाव म्हणून ते घेऊ नये. अशा नावाचा ई-मेल पुष्कळ ठिकाणी अजून स्वीकारला जात नाही. जोडीला असावे.

आमचे नाव परत आले त्या दिवशी आम्ही मिठाई मागवली, आणि लगेच नवे संकट उभे राहिले. वेबसाइट उघडताच फोनवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा भयंकर इशारा. नाव दुसरीकडे वळले होते त्या काळात सर्टिफिकेटचे नूतनीकरण होऊ शकले नव्हते. त्यात आणखी दोन दिवस गेले.

सर्टिफिकेट करते काय? त्याच्यावाचून गिऱ्हाईक आणि वेबसाइट यांच्यातला मजकूर उघड्या पोस्टकार्डासारखा जातो, वाटेतला कोणीही वाचू शकतो. सर्टिफिकेट असले की तोच मजकूर बंद पाकिटात जातो, आणि पाकीट त्याच पत्त्यावर पोहोचले याची खात्री मिळते. पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपी' च्या शेवटी 'एस' दिसतो तो याचाच. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर सर्टिफिकेट नसलेल्या प्रत्येक वेबसाइटला 'असुरक्षित' म्हणू लागला, त्यामुळे केवळ छायाचित्रे दाखवणाऱ्यालाही ते आवश्यक झाले.

पण त्याचा अर्थ इतकाच. पाकीट बंद आहे म्हणून आतला माणूस प्रामाणिक ठरत नाही. गठडीवर शिक्का पक्का असला तरी आत कापड कोणते निघेल ते शिक्का सांगत नाही. भामट्याच्या वेबसाइटलाही सर्टिफिकेट मिळते, फुकट मिळते. लोक कुलपाचे चिन्ह पाहून भुलू लागले, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचे ते चिन्हच काढून टाकले. तेव्हा पत्त्याचे एकेक अक्षर वाचावे, कुलूप पाहून पैसे भरू नयेत.

फुकट सर्टिफिकेटची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून सर्वांना विनामूल्य सर्टिफिकेट देत आली आहे. साधे विकतचे सर्टिफिकेट आणि हे, यांच्या पाकिटाची मजबुती सारखीच. विकतच्या महाग प्रकारात कंपनीचे कागद तपासतात, परंतु गिऱ्हाइकाला समोर फरक दिसत नाही. पूर्वी त्यासाठी हिरवी पट्टी दिसे, ती २०१९ मध्ये प्रमुख ब्राउझरांनी काढली. लहान व्यापाऱ्याने यासाठी दरसाल हजारो रुपये मोजू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र करणाऱ्याच्या मेहनतीचे पैसे जरूर द्यावेत. फुकट आहे म्हणून तो माणूसही फुकट नाही.

मुदतीचे मात्र भान हवे. २०२० पासून सर्टिफिकेट जास्तीत जास्त ३९८ दिवसांचे असे. ब्राउझर आणि सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्यांनी एप्रिल २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे ही मर्यादा १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून केवळ ४७ दिवस होते. दर दीड महिन्याने हाताने नवे घालत बसणे कोणाला जमेल? आपोआप नूतनीकरणाची सोय सर्व्हरवर आहे का, हे होस्टिंगवाल्याला लेखी विचारावे. आणि आपोआप म्हणजे देवाच्या भरवशावर नव्हे. 'लेट्स एन्क्रिप्ट'ने मुदतीची आठवण देणारे ई-मेल जून २०२५ पासून बंद केले आहेत. महिन्यातून एकदा स्वतःच्या फोनवर वेबसाइट उघडून पत्त्याशेजारच्या चिन्हावर बोट ठेवावे, तिथे सर्टिफिकेटची तारीख मिळते. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावून आणि न लावता, दोन्ही तऱ्हांनी उघडून पाहावे. ब्रिटनच्या ओ-टू कंपनीच्या जाळ्यात बसवलेल्या एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधील एका सर्टिफिकेटची मुदत ६ डिसेंबर २०१८ रोजी संपली आणि कोट्यवधी लोकांचे मोबाइल इंटरनेट दिवसभर ठप्प झाले. आपल्या वेबसाइटचे काय घेऊन बसलात.

धमकीवजा पत्रांचाही उपद्रव आहे. "चीनमध्ये एक कंपनी तुमच्या नावाचे डोमेन घेत आहे, तातडीने पैसे भरा," असे ई-मेल येतात. ते कचऱ्यात टाकावेत. नूतनीकरणाचे बिल आले तरी त्यातील दुव्यावरून पैसे भरू नयेत. रजिस्ट्रारचे खाते स्वतः उघडून तारीख पाहावी आणि तिथेच भरावे.

एक नाजूक विषय राहिला. भाऊ-भाऊ वेगळे होतात तेव्हा माग, गाळा आणि मार्का यांची वाटणी कागदावर होते, डोमेन मात्र ज्याच्या फोनवर संकेतांक येतो त्याचेच राहते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात डोमेनला व्यापारी नावासारखेच संरक्षण आहे असे म्हटले, म्हणजे ती मालमत्ता आहे. मग भागीदारीच्या करारात मार्क्याच्या ओळीखाली तिचीही एक ओळ लिहून घ्यावी. मालकाच्या पश्चात खाते कोण उघडणार, हेही घरातील दोघांना ठाऊक असावे. आमच्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर आता रजिस्ट्रार, खात्याचा ई-मेल आणि मुदतीची तारीख लिहिलेली असते. पासवर्ड वेगळ्या पाकिटात, थोरल्या मुलाकडे. पाच वर्षांचे भाडे एकदम भरून टाकले आहे.

हैदराबादच्या त्या व्यापाऱ्याने पुढच्या रमजानला पुन्हा मागणी पाठवली. निम्मी. उरलेला निम्मा माल तो अजूनही त्या दुसऱ्या पेढीकडून घेतो.