पडल्यावरचे पहिले चोवीस तास

‘मंडईपर्यंतच तर जायचंय, हेल्मेट कशाला?’ हे वाक्य पुण्यात घरोघरी ऐकू येतं. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी हेल्मेटसक्तीची कारवाई कडक केली, तेव्हा तिच्याविरुद्ध पुणेकर रस्त्यावरही उतरले होते. सक्तीचा वाद क्षणभर बाजूला ठेवू. कवटीच्या आत काय आहे, ते आधी बघू.

प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा असतो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा वापरतो. हाताला तो खरवसाइतका मऊ लागतो आणि कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. गाडीवरून पडून डोकं रस्त्यावर आपटलं की कवटी थांबते, मेंदू मात्र पुढे जाऊन तिच्यावर आदळतो. कधी मार समोरून बसतो आणि इजा मागच्या बाजूलाही होते. गाडीचा वेग कमी होता म्हणून धोका टळत नाही. उभ्या उंचीवरून डांबरावर पडलेलं डोकंही फुटतं.

कपाळामागचा भाग निर्णय, संयम आणि स्वभाव सांभाळतो. तिथे इजा झालेला माणूस चालतो-बोलतो, पण ‘हे पहिल्यासारखे राहिले नाहीत हो, लगेच चिडतात’ असं घरचे सांगतात. कानांजवळच्या भागात स्मरणशक्ती, डोक्याच्या मागच्या भागात दृष्टी, त्याखालच्या लहान मेंदूत शरीराचा तोल. सगळ्यांत खाली मेंदूचा देठ असतो, श्वास त्याच्या ताब्यात. मोडलेलं हाड जुळून येतं. मेंदूच्या मेलेल्या पेशी मात्र सहसा परत येत नाहीत.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कानशिलाची. तिथलं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूला चिकटून एक रोहिणी जाते. हाड तडकलं की ती फाटू शकते. पेशंट उठून बसतो, चहा घेतो, ‘मला काही झालं नाही’ म्हणतो आणि काही तासांत गुंगीत जातो. आत साचलेलं रक्त मेंदूला दाबत असतं. वेळेत सीटी स्कॅन आणि शस्त्रक्रिया झाली तर असा पेशंट बरा होऊन घरी जातो. म्हणून डोक्याला मार लागला असेल तर, लक्षणं नसली तरी, चोवीस तास त्याला एकटं ठेवू नका. झोपला तर मधूनमधून उठवून नाव-गाव विचारा. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, बरळणं, आकडी, एका हाता-पायातली कमजोरी, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, एक बाहुली मोठी दिसणं, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर थेट मोठं हॉस्पिटल गाठा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांना किरकोळ मार लागला तरी त्याच दिवशी दाखवा. त्यांच्यात रक्तस्राव काही आठवड्यांनीही लक्षात येतो.

आणि हेल्मेट. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो. आयएसआय शिक्का पाहून घ्या, हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट रस्त्याला टेकण्याआधीच उडून जातं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला, कारण आतला थर्माकोल दबलेला असतो. मागे बसणाऱ्या माणसालाही हेल्मेट द्या. आणि रस्त्यात कुणी बेशुद्ध पडलेलं दिसलं तर त्याला पाणी पाजू नका, मान हलवू नका, १०८ला फोन करा.