शेवटच्या खांबावरचं गणित : व्होल्टेज, धारा, रोध आणि शक्ती

कर्जत-खालापूरच्या डोंगरकुशीत ठाकुरवाडी नावाच्या वाड्या एकाहून जास्त आहेत. त्यातल्या कुठल्याही वाडीत जा, संध्याकाळी तक्रार एकच : "गुरुजी, आज व्होल्टेज नाय." हे व्होल्टेज कमी झालं म्हणजे नेमकं काय कमी होतं? दोनच सूत्रांनी त्याचं उत्तर मिळतं.

पहिलं सूत्र ओहमचं. १८२७ साली जर्मनीतल्या गेओर्ग ओहम या शिक्षकाने ते मांडलं.

विभवांतर = धारा × रोध
म्हणून रोध = विभवांतर ÷ धारा

दुसरं सूत्र शक्तीचं :

शक्ती = विभवांतर × धारा

आता पाणी तापवायचा रॉड घ्या. त्यावर छापलंय २३० व्होल्ट, १००० वॅट. धारा किती? १००० ÷ २३० = ४.३५ अँपिअर. रोध किती? २३० ÷ ४.३५ = सुमारे ५२.९ ओहम. छापील दोन आकड्यांतून न छापलेले दोन मिळाले.

समजा, वाडीच्या टोकाच्या घरात १८० व्होल्टच येतायत. बरीच मुलं इथे पटकन १००० ÷ १८० करून धारा काढतात आणि ती वाढलेली येते. तसं करू नका. रॉडवरचे १००० वॅट फक्त २३० व्होल्टला खरे आहेत. रॉड बदललेला नाही, म्हणून रोध तोच, ५२.९ ओहम. तेव्हा धारा = १८० ÷ ५२.९ = ३.४० अँपिअर आणि शक्ती = १८० × ३.४० = ६१२ वॅट. व्होल्टेज साधारण २२ टक्के घटलं, पण शक्ती ३९ टक्के गेली! कारण व्होल्टेज घटलं की धाराही घटते, आणि शक्तीत दोघांचा गुणाकार आहे.

बादलीभर म्हणजे १५ लिटर पाणी २५ वरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे १२५६ किलोज्यूल लागतात. पूर्ण व्होल्टेजला २१ मिनिटं, १८० व्होल्टला ३४ मिनिटं (हवेत जाणारी उष्णता धरलेली नाही). बिल मात्र दोन्ही वेळा जवळपास तेवढंच, ०.३५ युनिट. "व्होल्टेज कमी म्हणून रॉडचं बिल वाढतं" हे खरं नाही, वेळ वाढतो. पंपाच्या मोटरचं तसं नाही. व्होल्टेज पडलं तरी तिला पाणी उचलायचंच असतं, म्हणून ती जास्त धारा ओढते, वेटोळं तापतं आणि मोटर जळते.

मग व्होल्टेज जातं कुठे? तारेत. तारेलाही रोध असतो. २.५ चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची वायर खांबापासून घरापर्यंत १०० मीटर ओढली, तर जाऊन-येऊन २०० मीटर, रोध सुमारे २.२६ ओहम. रॉड लावल्यावर एकूण रोध ५५.१६, धारा ४.१७ अँपिअर, आणि तारेतच ४.१७ × २.२६ = ९.४ व्होल्ट खर्च. तारेत वाया जाणारी शक्ती सुमारे ३९ वॅट. ती १०० मीटरभर पसरलेली, म्हणून जाणवत नाही.

पण पिळ मारून नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला एखादा सैल जोड असेल आणि त्याचा रोध १ ओहम झाला, तर? ४ अँपिअरला शक्ती = ४ × ४ × १ = १६ वॅट, आणि तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. वरचं प्लास्टिक वितळायला एवढं पुष्कळ. कारवीच्या कुडाला टेकून तो जोड असेल, तर पुढचं सांगायला नको. आज घरी गेल्यावर असे जोड नजरेने शोधा, हात लावू नका, मोठ्यांना दाखवा आणि वायरमनकडून पक्के करून घ्या.

हेच गणित ओल्या अंगाचं करू. भिजलेल्या शरीराचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरतात. २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. जीव वाचवण्यासाठी घरात बसवतात तो गळती-स्विच ३० मिलिअँपिअरलाच वीज तोडतो. यावरून समजा, रॉड चालू असताना बादलीत बोट का घालायचं नाही.

आपल्याच भागातलं आणखी एक उदाहरण. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. (भिवपुरीला पाणी ठोकरवाडी धरणाचं, ठोकरवाडी, ठाकुरवाडी नव्हे, पेपरात गडबड नको!) ही वीज मुंबईला जायची. १ कोटी वॅट शक्ती २३० व्होल्टने पाठवायची म्हटली, तर धारा सुमारे ४३,४७८ अँपिअर. १,१०,००० व्होल्टने पाठवली, तर फक्त ९१. तारेतला तोटा धारेच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तीच तार वापरली तर तोट्यात दोन लाख पटींहून जास्त फरक. (तीन फेजचं गणित थोडं वेगळं, ते अकरावीनंतर.) म्हणून डोक्यावरून जाणाऱ्या त्या तारा एवढ्या उंच मनोऱ्यांवर.

एक सावधानता. १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रोध सूत्राने ५२९ ओहम येतो, पण थंड बल्ब मीटरने मोजला तर त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी दिसतो. सूत्र चुकलेलं नाही, तापल्यावर तारेचा रोध वाढतो. एलईडीला तर हा हिशोब लावूच नका, आत वेगळंच सर्किट असतं.

वहीत सोडवा : इस्त्रीवर २३० व्होल्ट, ७५० वॅट छापलंय. तिचा रोध काढा, आणि २०० व्होल्टला शक्ती किती ते सांगा. (उत्तर : सुमारे ७०.५ ओहम, ५६७ वॅट.)